‘हात पोचत नाही’ : चढाईच्या भिंतीवरचं एक प्रकरण

नऊ वर्षांची मुलगी. चालता-चालता टेबलाच्या कोपऱ्याला आपटते, जिना उतरताना कठडा सोडत नाही, चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेते. मैदानावर संघ पाडताना शेवटी उरते. अलीकडे तर तिने उरायची वेळ येण्याआधीच ‘पोट दुखतंय’ म्हणायला सुरुवात केली होती. डोळे तपासून झाले, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन झालं. दोन्हीकडे काही निघालं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने हालचालींचा समन्वय तपासला तेव्हा तो वयाच्या मानाने मागे असल्याचं दिसलं. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हा अडथळा निदान करण्याइतका ठळक असतो. ही मुलगी त्या रेषेच्या आसपास होती. शिक्का मारायची घाई कुणी केली नाही, पण ‘जिथे मधेच थांबता येईल असा एखादा खेळ शोधा’ असं थेरपिस्टने सुचवलं. म्हणून आई-वडील तिला आमच्या भिंतीवर, लहान मुलांच्या चढाईच्या वर्गात घेऊन आले.

थेरपिस्टची ती सूचना मला फार नेमकी वाटली. चेंडूच्या खेळात वेळ दुसरा कुणी ठरवतो. चेंडू येतो तेव्हा तुम्ही तयार असावं लागतं. नसलात तर सगळा संघ तुमच्याकडे बघतो. समन्वय कच्चा असलेल्या मुलाला ही दुहेरी शिक्षा आहे. भिंतीचं तसं नाही. होल्ड, म्हणजे भिंतीवर बसवलेला धरायचा-पाय ठेवायचा उंचवटा, जागचा हलत नाही. तुम्ही अर्धा मिनिट विचार केलात तरी तो तिथेच असतो, आणि पाय चुकीचा ठेवलात तर ते सांगायला कुणी ओरडावं लागत नाही. पाय घसरतो, एवढंच. हालचाल आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये दुसरं माणूस येत नाही.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर चढताना चारही हातपाय वेगवेगळं काम करतात. उजवा हात धरून ठेवतो, डावा शोधतो, एक पाय ढकलतो, दुसरा तोल सांभाळतो. हात शरीराची मधली रेष ओलांडून पलीकडे जातो. सांध्यांवर आणि स्नायूंवर भार येतो, त्यामुळे आपला कोणता अवयव कुठे आहे याची न बघता होणारी जाणीव, म्हणजे स्थितिसंवेदना, सतत कामाला लागते. टेबलाला आपटणाऱ्या मुलीत नेमकी हीच जाणीव कमी पडत होती.

पहिले काही वर्ग

आमच्याकडे नवीन मूल आधी पडायला शिकतं. बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय चढण्याच्या ठेंगण्या भिंतीखाली जाड मॅट असते. तिच्यावर दोन्ही पावलांनी उतरायचं, गुडघे मोकळे सोडायचे, मागे लोळून जायचं आणि हात छातीशी घ्यायचे. पडताना मागे हात टेकवण्याची सवय सगळ्यांनाच असते, आणि मनगट-कोपर मोडतं ते त्यातूनच. या मुलीला हा भाग आवडला. पडायचंच आहे म्हटल्यावर तिला पडायची भीती वाटेना.

मग दोर. कंबर अजून भरलेली नसलेल्या लहान मुलांना नुसता कमरेचा हार्नेस (दोर बांधायचा पट्टा) पुरत नाही, उलटं झाल्यास त्यातून निसटायची शक्यता असते; म्हणून तिला पूर्ण अंगाचा हार्नेस घातला. दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पक्क्या आधारातून आलेला, खाली बिले द्यायला, म्हणजे तो दोर सांभाळायला, आमचा प्रशिक्षक. ती मोठ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत गेली आणि थिजली. पुढचा होल्ड तिच्या कपाळासमोर होता. ती म्हणाली, “हात पोचत नाही.”

खालून वडील म्हणाले, “अगं, पोचतोय की! समोरच आहे. घाबरू नकोस, वर बघ!” आई मोबाइलवर चित्रण करत होती. मुलीने दोन्ही हातांनी होल्ड आणखी घट्ट आवळला.

मोठ्यांना हे नाटक वाटतं, किंवा हट्ट. पण ती खोटं बोलत नव्हती. आम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० च्या दशकात नवशिक्या प्रौढांवर काही प्रयोग केले होते. भिंतीवर एकाच रचनेचे दोन मार्ग, एक जमिनीलगत आणि एक उंचावर. उंचावर त्याच माणसांना जास्त वेळ लागला, त्यांनी होल्ड जास्त वेळ धरून ठेवले, हालचाली अडखळत्या झाल्या. शिवाय आपला हात कुठवर पोचेल याचा त्यांचा अंदाजही आखूड झाला. भीती वाटत असताना माणसाला आपला हात खरोखरच कमी लांब वाटतो. प्रौढांचं हे असं, तर नऊ वर्षांच्या मुलीला ‘पोचतोय की’ म्हणण्याला काय अर्थ?

तिला लगेच खाली घेतलं असतं तर तेही बरं नव्हतं. भीती ऐन टोकाला असताना सुटका झाली की मेंदू एवढंच शिकतो की सुटका हाच उपाय. रेटून वर पाठवलं तर शिकतो की मोठ्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. प्रशिक्षकाने दोर किंचित ताणून घेतला, म्हणजे तिला हार्नेसचा आधार जाणवावा, आणि तिला एकच पाऊल खाली यायला सांगितलं. तिथे ती उभी राहिली, श्वास सावरला, मग आपणहून “आता खाली” म्हणाली.

कुठे थांबायचं ते ती सांगणार

त्यानंतर आम्ही तिच्यासाठी एक नियम ठरवला. चढण्याआधी जमिनीवर उभं राहून तिने बोटाने दाखवायचं: आज त्या निळ्या होल्डपर्यंत. तिथे पोचल्यावर सावकाश तीन श्वास घ्यायचे आणि मग स्वतः सांगून खाली यायचं. तिने पोटऱ्यांएवढ्या उंचीचा होल्ड दाखवला तरी चालेल. आणि ठरवलेल्या होल्डच्या पुढे, त्या चढाईत, जायचं नाही. जावंसं वाटलंच तर खाली येऊन नवा होल्ड दाखवायचा.

शेवटच्या कलमावर आमच्यातच वाद झाला. ‘चाललीये तर जाऊ द्या ना’ असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत मीही तेच म्हणेन. पण या मुलीच्या आयुष्यात तोवर प्रत्येक ‘थोडंसंच’ नंतर ‘अजून थोडं’ आलेलं होतं. तिचा शब्द तिच्या बाजूने पाळला जातो हे तिला दिसणं, भिंतीचा माथा गाठण्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं. भीतीचा डोस मुलाच्या हातात असला तरच चढाई औषधासारखी लागू पडते; डोस मोठ्यांच्या हातात गेला की तीच चढाई आणखी एक परीक्षा होते. या प्रकरणातून मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

याला थोडा आधार आहे. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या जोखमीच्या खेळांचे प्रकार मांडले, त्यात उंची हा पहिल्या काही प्रकारांपैकी. पुढे त्यांनी सहलेखकासोबत असा विचार मांडला की मुलं अशा खेळांतून स्वतःला झेपेल तेवढी भीती घेत-घेत तिच्याशी जुळवून घेतात. झाडावर चढणारं मूल खालच्या फांदीवर आठवडाभर रेंगाळतं ते काही उगीच नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘मला हे जमेल’ या विश्वासाचे स्रोत सांगितले, त्यात सर्वांत भक्कम स्रोत स्वतः करून जमल्याचा अनुभव. शाब्दिक प्रोत्साहन त्याहून बरंच कच्चं. ‘तू करू शकतेस!’ हे दहा वेळा ऐकण्यापेक्षा स्वतः दाखवलेल्या निळ्या होल्डवर एकदा पोचणं जास्त मोलाचं.

प्रश्न वडिलांचा उरला. ते वाईट प्रेक्षक नव्हते, काळजीत होते, आणि काळजी तोंडावाटे बाहेर पडत होती. आम्ही त्यांना बिले द्यायला शिकवलं. रीतसर शिकवलं, चाचणी घेतली, आणि सुरुवातीला दोराच्या मोकळ्या टोकाला आमचा माणूस उभा केला. बिले देणाऱ्याला दोरातली ढील, चढणाऱ्याची हालचाल आणि आपला ब्रेकचा हात यांच्यापलीकडे लक्ष द्यायला फुरसत नसते. त्यांचं बोलणं आपोआप थांबलं. ‘गप्प बसा’ असं कुणालाही सांगावं लागलं नाही. आईने चित्रण बंद केलं, ते मात्र मुलीने सांगितल्यावर.

पाय

पहिले काही महिने उंचीचा विषय जवळपास बाजूला ठेवला आणि जमिनीलगत आडवं चढणं घेतलं. नवशिकी मुलं हातांनी ओढत चढतात, पाय मागून फरपटत येतात. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू लगेच फुगून दगड होतात आणि ‘दमले’ म्हणून खेळ संपतो. उपाय म्हणजे पावलांचा आवाज न करता चढण्याचा खेळ. आवाज होऊ द्यायचा नसेल तर पाय टेकेपर्यंत त्याच्याकडे बघावंच लागतं. बघितलं की तो नेमका पडतो, नेमका पडला की वजन पायावर जातं, आणि हात मोकळा होतो. या मुलीत सर्वांत आधी बदलली ती नजर. ती खाली, स्वतःच्या पावलांकडे बघायला लागली. त्यानंतर कंबर भिंतीजवळ आली. मग एक दिवस तिने न सांगता एका पायावर वजन घेऊन दुसरा पाय मोकळा बाजूला नेला, तोल सांभाळण्यासाठी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मार्ग वाचणं नंतर आलं. चढण्यापूर्वी खाली उभं राहून हवेत हात हलवत ‘इथे डावा, इथे उजवा, मग पाय वर’ असा क्रम लावायचा, डोक्यात ठेवायचा आणि वर गेल्यावर तो चुकला तर बदलायचा. नियोजन, स्मरण आणि ठरवलेलं मोडायची तयारी, तिन्ही एकाच वेळी. यात ती चटकन पुढे गेली, वर्गातल्या चपळ मुलांच्याही पुढे. ती चपळ मुलं धावत सुटायची आणि मधे अडकायची. ही खाली उभी राहून विचार करायची. इतकी वर्षं तिचा जो संथपणा दोष म्हणून मोजला गेला होता, त्याला इथे किंमत होती. मोठ्या माणसांच्या उंचीसाठी लावलेल्या मार्गांवर मुलं अडतात ती बऱ्याचदा ताकदीमुळे नव्हे, होल्डमधल्या अंतरामुळे. म्हणून तिच्यासाठी अंतरं जुळवलेले मार्ग लावले. ही गोष्ट साधी आहे, पण अनेक भिंतींवर ती होत नाही.

वर्षभराच्या आत एक घसरण झाली. मार्ग अँकरच्या खालून बाजूला सरकत जाणारा होता. अशा जागी पाय सुटला तर माणूस सरळ खाली येत नाही, लंबकासारखा झोका घेत बाजूला जातो. तिचा गुडघा भिंतीवर खरचटला. दुखापत किरकोळ, भीती मोठी. पुढचे बरेच वर्ग तिने दोराला हात लावला नाही.

आम्ही तिला दोर बांधायचा आग्रह केला नाही; दोर तपासायचं काम दिलं. चढणारा आणि बिले देणारा एकमेकांची तयारी तपासतात हा या खेळातला पक्का शिरस्ता आहे: हार्नेसची बकलं, आठाची गाठ, बिले यंत्रातून दोर नीट ओवला आहे का, कॅराबिनरचं (अडकवायच्या धातूच्या कडीचं) कुलूप लागलं आहे का. ती आठाची गाठ बांधायला शिकली, मग इतरांची तपासायला लागली. “बाबा, गाठ दाखव. यंत्र दाखव. कुलूप?” नऊ-दहा वर्षांच्या मुलीसमोर बाप हात वर करून उभा, आणि ती खरोखर बारकाईने बघतेय. एकदा तिने एका मोठ्या चढणाऱ्याला थांबवलं, कारण दोराचं उरलेलं टोक आखूड होतं. तिचं बरोबर होतं. त्याने गाठ सोडून पुन्हा बांधली. दोरावर ती परतली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत, आणि पहिला होल्ड दाखवला गुडघ्याएवढ्या उंचीचा.

काय बदललं आणि काय नाही

दोन वर्षांनी थेरपिस्टने पुन्हा तपासलं. तोल आणि संपूर्ण शरीराच्या हालचालींत स्पष्ट सुधारणा होती. जिन्याचा कठडा सुटला होता. पण चेंडू झेलणं जवळपास होतं तिथेच. यात आश्चर्य नाही: हालचालीचं कौशल्य ज्या कामात घोटलं जातं त्या कामापुरतंच मुख्यतः वाढतं, आणि भिंतीवर उडत येणारं काही नसतं. अक्षरही फारसं सुधारलं नाही. बोटांत ताकद आली म्हणजे लेखणी वळणदार चालते असं नाही. ती वेगळी, बारीक हालचाल आहे. चढाईने एकाग्रता वाढते, अभ्यास सुधारतो, असं सरसकट सांगणाऱ्या जाहिराती मी वाचते तेव्हा मला ही मुलगी आठवते. शाळेतले तिचे गुण होते तसेच राहिले. शिवाय या दोन वर्षांत ती वाढलीसुद्धा. सुधारणेतला किती वाटा भिंतीचा आणि किती वयाचा, हे एका मुलीवरून सांगता येत नाही.

मनाच्या बाजूचंही तसंच. जर्मनीत एर्लांगेनमध्ये नैराश्य असलेल्या रुग्णांसाठी बोल्डरिंगवर आधारलेल्या गटोपचाराच्या चाचण्या झाल्या आणि लक्षणं कमी झालेली दिसली. पण ती मोठी माणसं होती आणि सोबत मानसोपचाराचा आराखडा होता. त्यावरून ‘मुलांचं नैराश्य भिंतीवर बरं होतं’ असं म्हणणं म्हणजे फार लांबची उडी.

एक गोष्ट मात्र भिंतीवरून बाहेर गेली, आणि ती तिने स्वतः नेली. पोहण्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी तिने शिक्षकांना सांगितलं, “आज मी कमरेएवढ्या पाण्यापर्यंत येणार. तिथे तीन श्वास घेणार. मग बाहेर.” आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. ‘पोट दुखतंय’ मात्र त्या सुमारास बंद झालं होतं. मैदान तिला अजूनही आवडत नाही, पण आता ती सरळ “मला आवडत नाही” असं सांगते.

वर्ग आठवड्यातून एक-दोनदाच असायचा, हेही नोंदवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयातल्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि स्नायू-हाडं बळकट करणारी हालचाल आठवड्यातून किमान तीन दिवस. शिवाय आमच्या वर्गात निम्मा वेळ आपल्या पाळीची वाट बघण्यात जातो. एकट्या चढाईने हा हिशेब भरत नाही. सायकल आणि पोहणं सोबत होतंच.

बोट

बाराव्या वर्षी ती स्पर्धेच्या गटात आली. तिच्या इच्छेने. टोकियोत २०२१ साली चढाई पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये दिसली, तेव्हापासून या गटांकडे मुलांचा ओढा वाढला आहे. याच काळात तिची उंची भराभर वाढायला लागली. मुलींमध्ये वाढीचा वेग साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलांमध्ये त्यानंतर साधारण दोन वर्षांनी. आणि एक दिवस सराव चालू असताना ती भिंतीवरून उतरून आली नि म्हणाली, “ताई, मधल्या बोटाचा मधला सांधा दुखतोय. मागच्या बाजूने. आपटलं कुठेच नाही.”

हे ऐकल्यावर सराव तिथेच थांबतो. मोठ्या माणसाच्या बोटावर अती भार आला तर बोट वाकवणाऱ्या कंडरेला हाडाशी चिकटवून ठेवणारी पट्टी फाटते. वाढत्या मुलांमध्ये त्या पट्टीपेक्षा हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची वाढ-पट्टी कच्ची असते, आणि इजा होते ती तिथे: मधल्या पेराच्या बुडाशी, मागच्या बाजूला. घाव एका फटक्यात बसत नाही, वारंवारच्या ताणाने चीर पडत जाते. बारीक होल्डवर बोटं मुडपून, अंगठा वरून दाबून धरण्याच्या पकडीत या सांध्यावरचा भार फार वाढतो. पाय सोडून नुसत्या बोटांवर फळीवरून फळीवर झेपावण्याचा कँपस बोर्डचा सराव १८ वर्षांखाली करू नये, असं आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं वैद्यकीय मंडळ सांगतं, ते याचसाठी. दुखणं लपवून चढत राहिलं तर सांधा कायमचा वाकडा राहू शकतो. क्ष-किरणात सुरुवातीला काही न दिसताही इजा असू शकते.

तिच्या क्ष-किरणात ती दिसली, अगदी सुरुवातीची. डॉक्टरांनी चढाई काही महिने बंद केली.

गटातल्या इतर मुलांना बोट दुखल्याचं सांगायला कैक आठवडे लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. स्पर्धा तोंडावर असते, प्रशिक्षक नाराज होईल असं वाटतं. हिने पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याचं श्रेय ‘कुठे थांबायचं ते ती सांगणार’ या नियमाला द्यायचं की तिच्या स्वभावाला, मला ठरवता येत नाही. माझा कल नियमाकडे आहे.

तिच्या परतीचा आराखडा असा ठरला. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यानंतर आणि सांधा दाबला तरी दुखत नाही हे पाहिल्यानंतरच भिंत. सुरुवातीला मोठे होल्ड, बोटं मोकळी ठेवून उघडी पकड, जोर पायांवर. बारीक होल्डचे मार्ग तिची वाढ संथ होईपर्यंत मोजकेच, कँपस बोर्ड नाही. दर तीन महिन्यांनी उंची मोजून नोंदवायची. वेग वाढलेला दिसला की सराव कमी करायचा. वजन गटात कुणाचंच मोजायचं नाही, आणि ‘हलकं असलं की चढणं सोपं’ हे वाक्य प्रशिक्षकांनी मुलांसमोर उच्चारायचं नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडा-चढाई महासंघाला अपुऱ्या पोषणावर २०२४ मध्ये स्वतंत्र नियम आणावे लागले, इतका तो प्रश्न मोठा आहे. उंचीच्या नोंदवहीचं काम वडिलांकडे दिलं आहे. बोट बरं होईपर्यंत ती नऊ वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात गाठी तपासायला येते.